पावसाचं सरकारी भांडं

कचेरीत दोन गोष्टी न मागता साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ झाडायला सरकारने शिपाई नेमलेला असतो, किश्शांसाठी मात्र कुणाचीच नेमणूक नसते. मग ते पेन्शनीत निघालेल्या माझ्यासारख्या कारकुनाबरोबर घरी येतात आणि संध्याकाळी ओटीवर चार मंडळी जमली की आपसूक बाहेर पडतात!

मी पावसाचा कारकून होतो. हसू नका! कल्याणात आमच्या कचेरीच्या आवारात, काटेरी कुंपणाच्या आत, सरकारने पाऊस मोजायचं एक भांडं बसवलेलं. तांब्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी आठ वाजता बाटलीतलं पाणी रेघांच्या ग्लासात ओतायचं, आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. शंभर सेंट म्हणजे एक इंच. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामापायी मला जितका घाम फुटला, तितका माझ्या लेकीच्या लग्नातही फुटला नाही.

माणसं मोजून चार. मामलेदार रावसाहेब, कडक आणि सोवळे. अव्वल कारकून अण्णा, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्या कागदावर ठाम शब्द लिहिला नाही. धोंडू शिपाई, ज्याला सरकारी वस्तूचा भारी अभिमान. आणि मी. पाचवी एक म्हातारी आहे, ती तिच्या वेळेला येईल. एका वर्षी खाडीकाठच्या गावांना भाताचं दुसरं बियाणं मिळणार की नाही, हे या भांड्यावर येऊन ठेपलं होतं. सगळे किस्से त्याच्याच आगेमागे घडलेले.

* * *

भांडं आलं ते पहिलं वर्ष. मृग लागून आठवडा झालेला आणि पाऊस असा, की कौलांतून थेट माझ्या दौतीत पडत होता. आठाला छत्री घेऊन कुंपणात गेलो, बाटली काढली. कोरडी! उलटी करून हलवली. एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

अण्णा म्हणाले, "बाटलीत नाही ना? मग आपण कशाला म्हणायचं आहे म्हणून?" आणि साप्ताहिक रिपोर्टात पाऊस शून्य लिहून कागद जिल्ह्याला रवाना!

नेमका त्याच आठवड्यात खडवलीकडे रूळ पाण्याखाली जाऊन गाडी अडकली होती, आणि तिच्यात जिल्ह्याचे साहेब स्वतः चार तास बसून होते. परत गेले तर टेबलावर आमचा रिपोर्ट. पाऊस शून्य, पिकाची स्थिती बरी!

चौकशी लागली. रावसाहेबांनी एकेकाला उभं केलं. मी नुसती कोरडी बाटली पुढे केली, नोकरी लागून दोन वर्षंही झाली नव्हती. शेवटी धोंडूची पाळी आली. तो छाती पुढे काढून म्हणाला, "रावसाहेब, भांड्याची काळजीच नको! मी रोज सातलाच सगळं पाणी ओतून टाकतो आणि फडक्यानं आतून पुसून लख्ख करतो. तात्यांच्या हाताला ओल लागायला नको!"

तात्या म्हणजे मी.

धोंडूला दंड झाला नाही, पण वरून एक ऑर्डर आली. ती ऑर्डर मला अजून पाठ आहे. 'मापकात जे सापडेल ते, आणि तेवढंच, नोंदवावं. कोणीही आपला तर्क चालवू नये. पुन्हा चूक आढळल्यास मामलेदार जातीने जबाबदार.' रावसाहेबांनी ती भिंतीवर लावली. पुढे ती ऑर्डर आमच्या मानेवर बसणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक!

* * *

अण्णांचं सांगायचं राहिलं. रिपोर्टात 'पिकाची स्थिती' असा एक कॉलम असे आणि त्यात अण्णा बारा महिने 'बरी' लिहीत. उत्तम लिहिलं तर वरून विचारतात की मग एवढे अर्ज का येतात. वाईट लिहिलं तर विचारतात की तुम्ही काय केलंत. 'बरी' लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

एकदा वैशाखातच त्यांनी 'बरी' लिहिलं. तेव्हा शेतं नांगरलेलीसुद्धा नव्हती. वरून उलट टपाली प्रश्न आला, 'पेरणीच झालेली नाही, तर पीक बरं कसं?'

रावसाहेबांनी तो कागद अण्णांच्या पुढ्यात ठेवला. अण्णांनी शांतपणे बोरू बुडवला आणि उत्तर लिहिलं, 'अद्याप काही बिघडलेलं नाही!'

आणि ते उत्तर वर मान्य झालं!

* * *

दुसऱ्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षीची खरी गोष्ट आहे त्या वर्षी, चैत्रात एक नवे छोटे साहेब आले. ताजे, थेट विलायतेच्या बोटीवरून उतरलेले. खडवलीला तंबू टाकला आणि पहिल्याच सकाळी बाहेर येऊन बघतात तर सगळीकडे धूर! डोंगराच्या उतारावर, नदीकाठी, घरांच्या मागे, जिकडेतिकडे जमीन पेटलेली.

आपल्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत पसरून ती जागा भाजून काढतात. राब म्हणतात त्याला. राब केला नाही तर रोप धड येत नाही, हे इथलं पोरही सांगेल. साहेबांना कोण सांगणार? त्यांनी तार ठोकली, 'तालुक्यात आगी लावल्या जात आहेत. पोलीस पाठवा.'

रावसाहेब आणि मी पुढच्या गाडीने खडवलीला उतरलो, तर पोलीस आमच्या आधी पोचलेले. सहा जण, प्रत्येकाच्या हातात नदीची भरलेली बादली! समोर कुणबी मंडळी, हातात कोयते. महिनाभर डोक्यावरून वाहून आणलेला पाला त्या राबात होता. तो भिजला तर त्या वर्षी रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. मला तर वाटलं, आता पहिली बादली रिकामी होणार आणि पहिला कोयता उठणार.

रावसाहेब चालत मधे गेले. जमादाराला म्हणाले, "ओता खुशाल. पण हिवाळ्यात याच माणसांच्या पोटातली आग विझवायला तुम्हालाच यायचं आहे. तेव्हा बादल्या पुरतील का, तेवढं आधी मोजून ठेवा."

जमादाराने बादली खाली ठेवली. एका म्हाताऱ्या कुणब्याने साहेबांना हाताला धरून मागच्या वर्षीच्या दोन जागा दाखवल्या, एक भाजलेली आणि एक न भाजलेली. साहेब तसे समजूतदार होते. त्यांनी टोपी काढून माफी मागितली, आणि महिन्याभराने त्यांच्याकडून एक छापील फॉर्म आला, 'जमीन जाळण्यापूर्वी करावयाचा अर्ज'!

तोवर सगळा तालुका जाळून झाला होता. रावसाहेबांनी शेरा मारला, 'अर्ज अत्यंत उपयुक्त. पुढील चैत्रापासून.'

* * *

रावसाहेबांच्या सोवळ्याचा एक किस्सा इथेच सांगून घेतो, पुढे लागेल.

ते घरून निघताना स्वतःच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला तांब्या आणायचे, वर फुलपात्र झाकलेलं. तो त्यांच्या खुर्चीमागच्या कोनाड्यात असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दिवसभरात ते पाणी प्यायचे ते तेवढंच. कचेरीच्या माठातलं नाही, स्टेशनातलं नाही, माझ्या घरचंसुद्धा नाही. आणि माझ्या घरचं सोवळंही काही कमी नव्हतं!

त्याच वैशाखात आम्ही डोंबिवलीच्या बाजूला खाडीचे बांध बघायला गेलो होतो. खाडीकाठची शेतं खारी. बांध फुटला तर भरतीचं पाणी आत येतं आणि दोन-तीन वर्षं तिथे काही पिकत नाही, म्हणून पावसाआधी बांध बघावे लागतात. भर दुपार, झाड म्हणून नाही. बांधावरून उतरताना धोंडूचा पाय सरकला आणि तांब्या गडगडत चिखलात! सगळं पाणी सांडलं.

धोंडू रडायच्या बेताला आला. अजून पाच गावं बाकी होती, ती रावसाहेबांनी तशीच पुरी केली. तिसऱ्या गावात त्यांचे ओठ फुटलेले मला दिसले. चौथ्या गावात ते खाली बसले आणि दोन मिनिटं उठलेच नाहीत. धोंडू कुठूनसा नारळ घेऊन धावत आला.

"रावसाहेब, नारळ तरी! त्याला कसलं आलंय सोवळं?"

रावसाहेबांनी विचारलं, "फोडणार कोण?"

"मी की!"

"मग तूच पी," असं म्हणून ते उठले आणि पाचव्या गावाला निघाले. घरी पोचून अंघोळ केली आणि मगच घोटभर पाणी घेतलं. असा हा माणूस!

* * *

आता त्या वर्षीचा पाऊस. मृगात पडला, झकास पडला. गोड्या जमिनीतली रोपं वीतभर झाली. खाऱ्या शेतांत रोप लावत नाहीत, पावसाने मीठ धुऊन निघालं की मोड आणलेलं बी थेट चिखलात फेकतात. तेही फेकून झालं, हिरवं कोवळं दिसायला लागलं. अण्णांनी 'बरी' लिहिलं आणि एकदाचं ते खरं होतं.

आणि मग पाऊस गेला. आर्द्रा नक्षत्र अर्धं कोरडं गेलं. आभाळ स्वच्छ, ऊन वैशाखासारखं.

एके दिवशी कचेरीच्या पायरीवर एक आगरी म्हातारी येऊन उभी राहिली. नाथीबाय तिचं नाव. डोंबिवलीच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावची. घरात विधवा सून आणि तीन नातवंडं, शेत ती स्वतः करायची. तिने पदरातून मूठभर रोपं काढून रावसाहेबांपुढे जमिनीवर ठेवली. शेंडे पांढरे पडलेले, मुळाशी मिठाची बारीक कणी.

"रावसाहेब, बगा. खार वर आयला. रोप भाजला. पानी परला नाय तर आठ दिसांन सगला जाईल."

रावसाहेबांनी विचारलं, "घरात दुसरं बियाणं आहे का?"

"व्हता त्यो पेरला. आता घरान हाय तो खायाचा तांदूल." जरा थांबून ती म्हणाली, "तांदूल पेरून उगवत नाय, रावसाहेब."

अण्णांच्या हातात तेव्हा रिपोर्टाचा कागद होता. त्यांनी 'बरी' हा शब्द माझ्यादेखत खोडला. त्यापुढे काय लिहावं हे त्यांना सुचेना. पंचवीस वर्षांत दुसरा शब्द लिहायची वेळच आली नव्हती!

* * *

ठाण्याच्या वखारीत हळव्या भाताचं बियाणं होतं. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं, उशिरा पेरलं तरी हाती लागणारं. रावसाहेबांनी ते मागितलं. वरून उत्तर आलं, 'तालुक्याच्या मापकात आजपासून लागोपाठ दहा दिवस पाऊस शून्य असल्याची नोंद झाल्यास बियाणं तात्काळ पाठवण्यात येईल.' मधे एक सेंट जरी पडला तरी पुन्हा एकपासून मोजायचं. आणि आणखी दहा दिवस गेले असते तर हळवं बीसुद्धा वाया गेलं असतं. पेरणीला तेवढी मुदत उरलीच नव्हती.

मोजणी सुरू झाली. तिसऱ्या दिवसापासून लोक जमायला लागले. सकाळी सातपासून कुंपणाभोवती शे-दीडशे माणूस, आगरी, कुणबी, बायका, सगळे गप्प. आठाला मी आत जायचो. धोंडू आधी भांड्याला रामराम ठोकायचा. मी बाटली काढून उलटी धरायचो. धोंडू ओरडायचा, "कोरडं!" आणि सगळे श्वास सोडायचे.

त्या लोकांची अवस्था कशी सांगू? घरी देवाला पाऊस मागायचा आणि इथे येऊन भांडं कोरडं मागायचं. एक कुणबी मला म्हणाला, "तात्या, पाऊस पडो, पण नुसता आमच्या शेतात पडो. तुमच्या कचेरीत नको!"

सहाव्या दिवशी दुपारी ढग आला. काळाकुट्ट, नेमका कचेरीच्या डोक्यावर. चार थेंब पडले. पायऱ्यांवर पैशाएवढे ओले ठिपके. खिडकीतून आम्ही सगळे त्या भांड्याकडे बघत होतो. धोंडू पागोटं काढून भांडं झाकायला धावला, तशी रावसाहेबांनी हाक मारली, "धोंडू! हात लावायचा नाही." तो तिथेच उभा राहिला, पागोटं हातात, डोकं उघडं. ढग जसा आला तसा खडवलीकडे निघून गेला.

दुसऱ्या सकाळी ग्लासाच्या तळाला नुसती ओल. पहिल्या रेघेच्याही खाली. अण्णा म्हणाले, "ओल आहे." मी म्हणालो, "पण रेघ नाही." आमची जुंपली! दीडशे माणसं ऐकत होती. रावसाहेबांनी ग्लास उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला आणि म्हणाले, "रेघ गाठली नाही त्याला आकडा नाही. शून्य."

नाथीबाय त्या दिवशी गर्दीत होती. पाठीमागे उभी राहून हे सगळं बघत होती. गर्दी, शांतता, धोंडूचा रामराम, साहेबी थाटात भांड्याची केलेली पारख. ती काय समजून घरी गेली, ते आम्हाला नंतर कळलं.

* * *

आता दहावा दिवस.

सकाळी आठ. आभाळात कापसाएवढा ढग नाही. जमीन अशी तापलेली की चपलेतून चटका. रात्रभर थेंब नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. मी हसतच आत गेलो. तारेचा मजकूर आदल्या दिवशीच लिहून तयार होता, फक्त पाठवायची खोटी. बाटली काढली.

बाटली भरलेली!

ग्लासात ओतलं. ब्याऐंशी सेंट. जवळजवळ इंचभर पाऊस! धोंडू "कोरडं" म्हणायला तोंड उघडून तसाच राहिला. गर्दीतून एक आवाज उठला, तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"कुणी घातलं?" रावसाहेब पायरीवरून ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

तर नाथीबाय पुढे आली, हातात गडू. तोंडावर भीती नाही, उलट समाधान. "मीच घातला, रावसाहेब. पाटंला होडीनं आयली. आमच्या गावान देव कोंडलाय. आट दिस झाले, पिंडीवर गल्याइतका पानी झाला, तरी त्याला पाजर नाय. मंग म्हटला, सरकारचा देव कल्यानान हाय, एवढी लोका त्याच्या पाया पराया येतान, त्याला घालून बगू."

पावसाने दडी मारली की महादेवाच्या गाभाऱ्याचं दार लिंपायचं आणि पिंड पाण्यात बुडवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हातारीने ती सरकारी भांड्याला लावली! कुंपणाच्या फटीतून हात घालून.

तिच्याच गावचे लोक तिच्या अंगावर धावले. "म्हातारे, तू आमाना बुरवलास!" तेव्हा कुठे तिला कळलं की काहीतरी विपरीत घडलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली.

अण्णा म्हणाले, "रावसाहेब, भिंतीवरची ऑर्डर. मापकात जे सापडेल ते नोंदवावं. तर्क चालवू नये."

"ती स्वतः सांगते आहे की अण्णा, तिने घातलं म्हणून!" मी म्हणालो.

"तिचं बोलणं वर कोण मानणार? बियाणं हवंय म्हणून बाई खोटं बोलली, असंच म्हणतील. गेल्या वर्षी पाऊस होता तेव्हा आपण शून्य लिहिलं. आता पाणी असताना शून्य लिहायचं? रावसाहेब, तुमची खुर्ची जाईल."

खरं होतं. अण्णा पहिल्यांदाच ठाम बोलत होते आणि नेमकं खरं बोलत होते.

रावसाहेबांनी पायरीवरूनच ग्लासाकडे बघितलं. मग म्हातारीला विचारलं, "पाणी कुठलं?"

"बंदरावरचा."

"होडीने आलीस म्हणजे भरतीबरोबर आलीस?"

"व्हय. भरती नसंल तं होडी कशी येल?"

मला एकदम उजेड पडला. पंधरा-वीस दिवस पाऊस नाही, वरून भरती. बंदरावरचं पाणी खारं असणार! आणि आभाळातून खारं पाणी पडत नाही. हा तर्क नव्हता, हे मापकातच सापडलेलं होतं!

"रावसाहेब, खारं असेल ते!" मी ओरडलो.

"असेल म्हणून चालणार नाही," अण्णा म्हणाले. "आहे, असं लिहावं लागेल. आणि लिहिणाऱ्याला माहीत असावं लागेल."

धोंडू लगेच पुढे झाला. "मी चाखतो!" पण शिपायाच्या जिभेवर वर कोण विश्वास ठेवणार? निदान कारकुनाची तरी सही लागते. अण्णांनी नजर वळवली. राहिलो मी. ग्लास माझ्याच हातात होता. खाडीचं पाणी, बंदरावरचं, जिथे सगळं गाव सगळं काही धुतं. वरून म्हातारीच्या गडूतलं, धोंडूने हाताळलेल्या बाटलीतलं. दीडशे माणसं बघत होती. घरी आई होती, तिला कळलं असतं तर तिने मला ओटीवरसुद्धा घेतलं नसतं. मी एक पाऊल मागे सरकलो. खरं सांगतो, आजही त्या पावलाची मला लाज वाटते.

रावसाहेब पायऱ्या उतरले. कुंपणात आले. माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि कुणाला काही कळायच्या आत तोंडाला लावला.

बोट बुडवून जिभेला नाही लावलं. चांगला घोट घेतला.

"खारं," ते म्हणाले. "तात्या, लिहा. मापकात सापडलेलं: खाडीचं पाणी, ब्याऐंशी सेंट. पाऊस: शून्य. मी स्वतः चाखून खात्री केली आहे."

माझा हात थांबला. "रावसाहेब, 'चाखून' लिहू?"

"मग दुसरं काय केलं मी?"

लिहिलं. त्यांनी खाली सही केली, अक्षर जराही हललं नाही. तार गेली. चौथ्या दिवशी डोंबिवलीला मालगाडीतून बियाण्याच्या गोण्या उतरल्या, नाथीबायच्या गावाला त्या दिवशीच वाटप झालं, ते सगळं यथासांग पार पडलं. पण किस्सा तो नाही. किस्सा तार लिहून होत होती तेव्हाचा.

सगळ्यांना वाटलं, रावसाहेब आता चूळ भरतील आणि तडक अंघोळीला घरी जातील. धोंडू धावत जाऊन खुर्चीमागचा तांब्या घेऊन आला, आणि आपण त्याला हात लावला हे लक्षात येऊन जागीच गोठला. रावसाहेबांनी त्याच्या हातून तो घेतला. चूळ भरली नाही. म्हातारी कुंपणाला टेकून खाली बसली होती, पदर तोंडात कोंबून. ते तिच्यासमोर गेले.

"ऊन फार आहे, बाई. तुला परत जायचंय. गडू धर."

तिने गडू धरला. रावसाहेबांनी घरच्या विहिरीचं सगळं पाणी त्यात ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. ती घटाघटा अर्धं प्याली. मग थांबली. तोंड पुसलं, गडूत डोकावून बघितलं, भांड्याकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाली,

"रावसाहेब, यो ऱ्हायलेला पानी तुमच्या देवाला घालू का?"